पांथस्थाची हवेची गादी

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी एक म्हण मराठींत आहे. ती ज्यांना अक्षरशः लागू पडते असा पदयात्रिकांचा एक वर्ग विसाव्या शतकांत अमेरिकेंत उदयास आला. त्या देशाच्या पूर्व भागांत जॉर्जिया राज्यापासून मेन राज्यापर्यंत डोंगरांच्या माथ्यांवरून गेलेली ॲपलाचियन पायवाट सुमारें ३,५०० किलोमीटर लांब आहे. पश्चिमेकडील पॅसिफिक क्रेस्ट पायवाट मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत सुमारें ४,२६५ किलोमीटर जाते. यांपैकीं एखादी वाट एकाच हंगामांत पुरी करावी, या ईर्ष्येनें दरवर्षी अनेक स्त्रीपुरुष घराबाहेर पडतात. पांच-सहा महिने त्यांचें घर म्हणजे पाठीवरची पिशवी. शिधा वाटेवरच्या गांवांतून पुन्हां भरून घेतां येतो; पण निवारा, पांघरूण आणि अंथरूण हीं मात्र पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत स्वतःच वाहावीं लागतात.

यांपैकीं अंथरुणाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. आजच्या पदयात्रिकाच्या पिशवींत बहुधा हवा भरण्याची एक गादी असते. गुंडाळली म्हणजे ती पाण्याच्या बाटलीएवढी होते, तिचें वजन पुष्कळदां अर्ध्या किलोहूनही कमी भरतें, आणि फुगविल्यावर ती चांगली चार बोटें उंच होते. पाहणाऱ्यास वाटतें कीं, मऊ बिछान्याची संवय सुटत नाहीं म्हणून माणसानें हें कौतुक रानांतही नेलें. हा समज बरोबर नाहीं. ही गादी प्रथम भूमीची थंडी अडविण्यासाठीं आहे; मऊपणा हा तिचा दुसरा गुण. ही गोष्ट मनुष्याला नीट उमगण्यास, आणि उमगल्यावर ती मोजतां येण्यास, फार काळ लागला.

निजलेल्या माणसाच्या अंगची उष्णता वर हवेंत जाते, तशीच ती खालीं जमिनींतही जाते. वरच्या बाजूस जाड पांघरूण घेऊन हा व्यय थांबवितां येतो. परंतु तेंच पांघरूण अंगाखालीं आलें कीं निरुपयोगी होतें. याचें कारण काउंट रम्फर्ड या नांवानें प्रसिद्ध असलेल्या बेंजामिन टॉम्प्सन याच्या प्रयोगांतून स्पष्ट झालें. लोकर, पिसें, फर असे निरनिराळे पदार्थ उष्णतामापकाभोंवतीं गुंडाळून तो किती वेळांत निवतो हें त्यानें पाहिलें. वस्त्राची ऊब ही वस्त्राची नसून त्याच्या तंतूंत अडकून स्थिर राहिलेल्या हवेची असते, असें त्यानें दाखविलें. उष्णतेविषयींच्या त्याच्या निबंधांबद्दल १७९२ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्याला कोपले पदक दिलें. आतां पिसांची उंची पिशवी कितीही फुगीर असली, तरी निजणाऱ्याच्या भारानें खालचीं पिसें चेपतात, त्यांतील हवा निघून जाते आणि ऊबही तिच्याबरोबर जाते. म्हणून पाठीखालीं अशी वस्तु हवी कीं जी भार सोसूनही हवा धरून ठेवील. अंथरुणाचा सारा इतिहास हा या एका अटीभोंवतीं फिरतो.

शास्त्र समजण्यापूर्वीही अनुभवानें माणसानें ही अट पाळली होती. उत्तर ध्रुवाजवळील इन्युइट लोक बर्फाच्या घरांत झोपण्याच्या ओट्यावर कॅरिबू हरणाचीं कातडीं अंथरीत. या प्राण्याचे केंस आंतून पोकळ असतात, त्यामुळें प्रत्येक केंसांत थोडी हवा बंदिस्त असते. महाराष्ट्रांतील धनगराच्या घोंगडीची दाट, खरखरीत लोकर अंगाच्या भारानें पुरती चेपत नाहीं, म्हणून ती शेतांत रात्र काढणाऱ्यास उपयोगी पडते. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज प्रवाशानें १८५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘आर्ट ऑफ ट्रॅव्हल’ या ग्रंथांत उघड्यावर निजण्याविषयींच्या सूचनांना बरीच जागा दिली आहे. अमेरिकेच्या अरण्यांत भटकणारे लोक सदाहरित वृक्षांचे कोंवळे डहाळे एकमेकांत खोंचून त्यांचा जाड बिछाना करीत. ‘नेसमक’ या टोपणनांवानें लिहिणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स यानें १८८४ च्या ‘वुडक्राफ्ट’ या पुस्तकांत ही जुनी रीत सांगितली आहे. अशा बिछान्याचें वजन वाहावें लागत नसे. पण तो रोज नव्यानें करावा लागे, आणि त्यासाठीं रोज झाडें ओरबाडावीं लागत. चार माणसें रानांत फिरत होतीं तोंवर हें चाललें. हजारों माणसें त्याच वाटेनें जाऊं लागल्यावर ती रीत सोडावी लागली.

हवाच जर ऊब राखते, तर नुसती हवाच पिशवींत कां भरूं नये, हा विचार साहजिक होता. त्यासाठीं हवा न गळणारें कापड हवें होतें. चार्ल्स मॅकिंटॉश यानें १८२३ सालीं दोन कापडांमध्यें रबराचा थर देण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. तें कापड उन्हांत चिकट होई आणि थंडींत कडक पडे. चार्ल्स गुडइयर यानें १८३९ सालीं गंधक व उष्णता यांच्या योगें रबर टिकाऊ करण्याची युक्ति शोधून काढली आणि १८४४ सालीं तिचें अमेरिकन पेटंट मिळविलें. इंग्लंडांत टॉमस हॅनकॉक यानें तशाच कृतीचें पेटंट घेतलें. पुढें १८८९ सालीं मॅसॅच्युसेट्समधील रेडिंग गांवच्या एका कंपनीनें अटलांटिक महासागरांतून जाणाऱ्या आगबोटींसाठीं हवेच्या गाद्या तयार केल्या. केंसांनीं भरलेल्या जड गाद्यांच्या ऐवजीं त्या वापरावयाच्या होत्या. विसाव्या शतकांत ‘लायलो’ या नांवाच्या इंग्रजी गाद्या समुद्रकांठापासून गिर्यारोहकाच्या तंबूपर्यंत सर्वत्र दिसूं लागल्या.

या गादीची कीर्ति पृथ्वीच्या सर्वांत उंच शिखराजवळही पोंचली. २८ मे १९५३ च्या रात्रीं एडमंड हिलरी आणि तेनसिंग नोर्गे यांनीं एव्हरेस्टच्या कड्यावर सुमारें २७,९०० फूट उंचीवर मुक्काम केला. तंबू लावण्यास सपाट जागा मिळाली नाहीं. बर्फ व दगड खरवडून दोन अरुंद पायऱ्या तयार केल्या, आणि एका पायरीवर एक, दुसरीवर दुसरा, असे दोघे हवेच्या गाद्या अंथरून पडले. उष्णतामान शून्याखालीं २७ अंशांपर्यंत गेलें होतें. सकाळीं हिलरीचे बूट गोठून लोखंडासारखे झाले होते व ते चुलीवर धरून मऊ करावे लागले. अशा ठिकाणीं गादी हा प्राणरक्षणाच्या साधनांचाच एक भाग असतो.

तरीही पायीं दूर जाणाऱ्यास रबरी गादी मानवली नाहीं. ती जड होती, आणि तिच्यांतील हवा मोकळी होती. हवा स्थिर असेल तरच ती ऊब राखते, हा रम्फर्डचा धडा येथें पुन्हां आठवावा लागतो. मोठ्या पोकळींतील हवा निजणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीसरशी इकडून तिकडे ढकलली जाते. शिवाय अंगाकडून तापलेला वरचा पडदा खालच्या थंड पडद्याकडे किरणांच्या रूपानेंही उष्णता पाठवीत राहतो. म्हणून फुगीर दिसणारी गादी थंडींत फसवी ठरे. आणि कांट्यानें एकदां भोंक पडलें कीं मध्यरात्रीं निजणारा सरळ जमिनीवर येई.

याच काळांत लांब पायवाटांचा उद्योग आकार घेत होता. बेंटन मॅकाय यानें १९२१ सालीं ॲपलाचियन पायवाटेची योजना मांडली. १९३७ सालीं ती वाट सलग झाली. १९४८ सालीं अर्ल शेफर या युद्धांतून परतलेल्या तरुणानें ती एका हंगामांत, १२४ दिवसांत, चालून पुरी केली. १९५५ सालीं एमा गेटवुड ही ६७ वर्षांची, अकरा मुलांची आई, एकटीच त्या वाटेला लागली. घरीं शिवलेली एक पिशवी खांद्यावर टाकून ती निघाली. तींत एक घोंगडी आणि न्हाणीघराच्या प्लॅस्टिकच्या पडद्याचें आच्छादन होतें. तंबू नव्हता, गादी नव्हती. ती पानांच्या ढिगावर निजे, आणि गारठा पडला म्हणजे विस्तवांत तापविलेले दगड अंगाखालीं घेई. मे महिन्यांत निघालेली ही बाई सप्टेंबरांत शेवटच्या शिखरावर पोंचली. तिच्या उदाहरणावरून कित्येक जण म्हणतात कीं, गादीची गरजच नाहीं. परंतु त्या उदाहरणाचा खरा अर्थ वेगळा आहे. भूमीची थंडी तिलाही अडवावीच लागली; पाठीवर ओझें वाहण्याऐवजीं तिनें रोज संध्याकाळीं पानें गोळा करण्याचे व दगड तापविण्याचे श्रम पत्करले, एवढेंच.

हवेला जागच्या जागीं बांधून ठेवण्याचें काम शेवटीं रसायनशास्त्रानें केलें. अमेरिकेंत ‘एन्सोलाइट’ आणि इंग्लंडांत ‘कॅरिमॅट’ या नांवानें जो फोम प्रसिद्धीस आला, त्यांत लक्षावधि सूक्ष्म बुडबुडे असून प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र व बंद असतो. हवा हलूं शकत नाहीं, पाणी आंत शिरत नाहीं, आणि कांटा लागला तरी एक-दोन बुडबुडे फुटण्यापलीकडे कांहीं होत नाहीं. सह्याद्रींत किल्ल्यांवर जाणारे मराठी तरुण कोणत्याही कंपनीच्या अशा फोमच्या गुंडाळीला सरसकट ‘कॅरीमॅट’ म्हणतात. मूळ व्यापारी नांवाचें सामान्य नाम कसें होतें त्याचें हें चांगलें उदाहरण आहे. या फोमचे दोष दोनच. तो पातळ असल्यानें कमरेचें हाड जमिनीला टेंकतें, आणि त्याची गुंडाळी पिशवींत न मावल्यामुळें बाहेर बांधावी लागते.

पुढचें पाऊल सिअ‍ॅटल शहरांत पडलें. १९७१ च्या सुमारास बोइंग या विमानें बांधणाऱ्या कंपनींतून हजारों माणसें कमी झालीं. त्यांत जिम ली आणि नील अँडरसन हे दोन अभियंते होते. ली हा गिर्यारोहक होता. बागेंत फोमच्या उशीवर गुडघे टेंकून काम करीत असतां, भार पडतांच तींतून हवा बाहेर जाते हें त्याच्या ध्यानांत आलें. ती हवा आंतच कोंडून ठेवली तर तीच उशी भार सोसूं शकेल, असें त्याला वाटलें. म्हणून मोकळ्या छिद्रांच्या फोमला दोन्ही बाजूंनीं हवाबंद कापड चिकटवावें आणि एका कोपऱ्यांत झडप बसवावी, अशी कल्पना निघाली. पहिले नमुने सँडविच भाजण्याच्या यंत्राच्या उष्णतेवर चिकटविले गेले. जॉन बरोज हा तिसरा मित्र मिळाला आणि १९७२ सालीं त्यांची कंपनी स्थापन झाली. या गादीची झडप उघडली कीं आंतला फोम उसळून स्वतःच हवा ओढून घेई; झडप बंद केली कीं ती हवा फोमच्या जाळींत स्थिर राही. हवेची गादी आणि फोम यांचा हा पहिला यशस्वी विवाह होय.

परंतु लांब पल्ल्याच्या चालणाऱ्यांना हें ओझेंही अधिक वाटूं लागलें. रे जार्डिन या गिर्यारोहकानें १९९२ सालीं पॅसिफिक क्रेस्ट पायवाटेवर एक मार्गदर्शक पुस्तक लिहून, पाठीवरचा प्रत्येक तोळा तपासून पाहण्याचा उपदेश केला. त्याच्या मतें साध्या फोमचा, अंगाच्या मधल्या भागापुरता कापलेला तुकडा पुरे होता. दुसरीकडे कारखानदारांनीं गादीच हलकी करण्याचा मार्ग धरला. २००९ सालीं सिअ‍ॅटलच्या त्याच कंपनीनें ‘निओएअर’ ही गादी विक्रीस आणली. तींत फोम मुळींच नव्हता. आंत पातळ पडद्यांच्या त्रिकोणी खोल्यांच्या दोन रांगा करून हवेची हालचाल रोखली होती, आणि उष्णतेचे किरण परत फिरविणारा चकचकीत थर त्यांच्या मध्यें घातला होता. वजन सुमारें ४०० ग्रॅम. रबरी गादीचे जे दोन दोष थंडींत नडत होते, त्या दोहोंवर हा नेमका उपाय होता. कूस बदलतांच चुरमुऱ्यांच्या पुडीसारखा आवाज होई आणि शेजाऱ्याची झोंप मोडे, ही तक्रार मात्र पुष्कळ दिवस राहिली.

येथपर्यंतचा इतिहास हा युक्तीचा आहे. यापुढचा प्रामाणिक मापाचा आहे, आणि विकत घेणाऱ्याच्या दृष्टीनें तोच अधिक महत्त्वाचा. गादी उष्णतेला किती अडविते हें ‘आर-मूल्य’ या आकड्यानें सांगतात. आकडा दुप्पट झाला कीं खालीं जाणारी उष्णता निम्मी होते. पण पुष्कळ वर्षे हा आकडा प्रत्येक कारखानदार आपापल्या रीतीनें काढीत असे, आणि कांहीं जण तो देतच नसत. केवळ ‘इतक्या थंडीपर्यंत चालेल’ असें छापीत. एकाच्या चार आकड्याची दुसऱ्याच्या चार आकड्याशीं तुलना करण्यास कांहींच आधार नव्हता. थंडींत जाणारा माणूस त्या छापील शब्दावर भरंवसा ठेवून निघे, आणि तो शब्द खोटा ठरला तर त्याचा प्रत्यय त्याला परतीची सोय नसलेल्या जागीं येई.

२०१८ सालीं अमेरिकेच्या एएसटीएम या मानक संस्थेनें यासाठीं एक समान पद्धति ठरविली. गादी फुगवून दोन धातूंच्या पाट्यांमध्यें ठेवावी. वरची पाटी अंगाप्रमाणें ३५ अंश सेल्सिअसवर आणि खालची जमिनीप्रमाणें ५ अंशांवर राखावी. आणि वरच्या पाटीची उष्णता कायम ठेवण्यास किती शक्ति लागते तें मोजावें. २०२० पासून मोठमोठ्या कारखान्यांनीं या पद्धतीचे आकडे छापण्यास आरंभ केला. त्या वेळीं जें दिसलें तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. एकाच कंपनीच्या घडीच्या फोम चटईचा आकडा २.६ होता तो २.० झाला, आणि तिच्याच हवेच्या एका हलक्या गादीचा आकडा ३.२ होता तो ४.२ झाला. वस्तूंतील एक धागाही बदलला नव्हता. बदललें होतें तें फक्त माप. चालणाऱ्याच्या जीविताशीं ज्याचा संबंध, तो आकडा इतकीं वर्षें किती सैल होता हें यावरून कळतें.

या आकड्यांचा व्यवहारांतील अर्थ एका ढोबळ हिशेबानें समजेल. निजलेल्या माणसाच्या शरीरांत साधारण ७० ते ८० वॉट उष्णता उत्पन्न होते. गादीवर टेंकणारें अंग चार-दशांश चौरस मीटर धरलें, अंग व जमीन यांच्या उष्णतामानांत ३० अंशांचा फरक धरला, तर १ आर-मूल्याच्या गादींतून सुमारें ६८ वॉट, २ च्या गादींतून ३४ वॉट आणि ४ च्या गादींतून १७ वॉट उष्णता जमिनींत जाते. नुसत्या हवेच्या साध्या गादीचा आकडा १ च्या आसपासच असतो. म्हणजे शरीर जेवढें कमावतें तेवढें जवळजवळ सारें जमीनच घेऊन जाते, आणि वरून कितीही पांघरलें तरी माणूस कुडकुडत राहतो. कित्येकांनीं अशा वेळीं पांघरुणाला दोष देऊन अधिक महाग पांघरूण घेतलें. चूक मात्र खालच्या बाजूस होती.

तेव्हां गादीची निवड करणाऱ्यानें प्रथम ऋतूचा आणि जमिनीचा विचार करावा. उन्हाळ्यांतील सखल प्रदेशास २ पर्यंतचा आकडा पुरतो. वसंत व शरद ऋतूंतील डोंगरी रात्रींना ४ च्या आसपासचा हवा. बर्फावर निजावयाचें तर ५ किंवा ६ च्या वर जावें. त्यानंतर वजन पाहावें, आणि त्यानंतर जाडी. कुशीवर निजणाऱ्याचें कमरेचें हाड जमिनीस टेंकूं नये यासाठीं जाडी लागते. उताण्या निजणाऱ्यास कमी जाडी चालते. मात्र जाडी म्हणजे ऊब नव्हे, हें रबरी गादीच्या अनुभवावरून विसरूं नये. तोंडानें फुंकल्यास श्वासांतील ओल आंत सांठते, म्हणून तोंडाशीं मोठी पिशवी जोडून तिच्यांतली हवा गादींत दाबण्याची हल्लींची रीत अधिक चांगली.

परंतु कोणत्याही प्रयोगशाळेच्या आकड्यांत कांटा मोजला जात नाहीं. पॅसिफिक क्रेस्ट पायवाट हें याचें उत्तम उदाहरण आहे. दक्षिणेकडून निघणारा पदयात्री प्रथम सुमारें १,१०० किलोमीटर दक्षिण कॅलिफोर्नियाच्या रुक्ष प्रदेशांतून जातो. तेथें निवडुंगाचे कांटे आणि टोंकदार खडे हे हवेच्या गादीचे शत्रु. त्यानंतर लगेच सिएरा नेवाडा पर्वत लागतो, आणि जूनमध्येंही तेथें उंच खिंडींत बर्फ असतो. ज्या गादीला वाळवंटांत भोंक पडलें तीच पुढें बर्फावर अंथरावयाची असते. छिद्र सांपडलें तर सायकलच्या ट्यूबप्रमाणें ओढ्याच्या पाण्यांत धरून बुडबुडे पाहावे व ठिगळ लावावें. पण मध्यरात्रीं, पावसांत, गोठलेल्या बोटांनीं हें काम होत नाहीं. आंतले पडदे सुटून गादीला फुगा आला तर तिला वाटेवर उपायच नसतो.

म्हणून अनुभवी माणसें दोन थर करतात. खालीं फोमची पातळ चटई आणि वर हवेची गादी. दोन्ही थरांचे आकडे एकमेकांत मिळविले म्हणजे एकूण आकडा येतो. २ ची चटई आणि ४ ची गादी मिळून ६ होतात. चटई कांट्यांपासून गादीचें रक्षण करते, आणि गादी फसलीच तर सकाळपर्यंत प्राण सांभाळते. त्यासाठीं वाहावें लागणारें चारशे-एक ग्रॅम वजन कोणास अधिक वाटेल, कोणास नाहीं. ज्याची वाट दर दोन दिवसांनीं गांवाला मिळते, त्यानें एका थरावर भागवावें. ज्याची वाट आठ-आठ दिवस बर्फांतून जाते, त्यानें हा दुसरा थर ओझें मानूं नये.

कॅरिबूच्या पोकळ केंसापासून निओएअरच्या त्रिकोणी खोल्यांपर्यंत तत्त्व एकच राहिलें आहे: थोडी हवा स्थिर धरून तिच्यावर निजणें. मागच्या पिढ्यांना आपलें अंथरूण पुरेल कीं नाहीं हें त्यावर रात्र काढूनच कळत असे. आजच्या पांथस्थाला तें घरीं बसून, दोन आकडे शेजारीं ठेवून ठरवितां येतें, आणि हा या इतिहासांतील सर्वांत मोठा लाभ आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, असें शहाणे लोक सांगत आले आहेत. दूरच्या वाटेला निघणाऱ्यानें अंथरुणाबरोबर त्याच्याखालची जमीनही पाहावी, आणि तीही घर सोडण्यापूर्वींच.